गाळलेला जिन्नस

इलाही हात धुवायला मोरीकडं गेला तसं सर्जानं माझ्याकडं बघून भुवई उडवली. मी घाईघाईनं भाकरीचा तुकडा मोडला, सर्जाच्या वाटीतल्या आमटीत बुडवून तोंडात कोंबला आणि टेबलाखालून त्याच्या पायावर माझा पाय एकदा दाबला. एकदा म्हणजे चांगलं, दोनदा म्हणजे बेकार. हे आम्ही दोघांनी तासगाव सोडायच्या आधीच ठरवलं होतं.

इलाही येऊन बसला. समोर सोलापूरची कडक भाकरी, शेंगाचटणी, घट्ट दही असं सगळं वाढलेलं, पण गडी हात लावेना. सर्जानं पहिला घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला आणि म्हणाला, "बसा." मग इलाहीनं भाकरी मोडली.

ही आमची पद्धत फार जुनी. शाळा सुटल्यापासनं आम्ही तिघं वर्षातनं एकदा गाडी काढायचो ती फक्त खायला. देवदर्शन नाही, समुद्र नाही, फोटोबिटो नाही. कुठं काही चांगलं शिजतंय असं कानावर आलं की तिथं जायचं, जेवायचं आणि पुढं सुटायचं. गाडी इलाहीची, बडबड माझी आणि पहिला घास सर्जाचा. तो "बसा" म्हणाला की बसायचं. "उठा" म्हणाला की वाढलेल्या ताटावरनं उठायचं आणि मालकाला काय थाप मारायची ते मी बघायचं. निपाणीजवळ एकदा तर हा बाबा दारातनंच म्हणाला, "उठा." आम्ही अजून बसलोही नव्हतो.

सर्जेराव खोत आचारी होता. आमच्या तासगाव-विट्याच्या पट्ट्यात जावळ असो, लग्न असो, जत्रेचं मटण असो, लोक आधी सर्जाची तारीख विचारायचे आणि मग भटाकडं जायचे. इलाही मुलाणी मटण कापायचा, सर्जा शिजवायचा, हे वीस-बावीस वर्षं चाललेलं. सर्जानं आयुष्यात कधी वाटी-चमचा मापाला धरला नाही. त्याचं सगळं काम नाकावर. धने किती भाजायचे, खोबरं कधी काढायचं, रस्सा उतरवायचा कधी, सगळं नाक सांगायचं.

आणि आता त्या नाकाला वासच येत नव्हता.

आदल्या शिमग्यात तो बाजारातनं येताना मोपेडवरनं पडला आणि डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. जखम महिन्याभरात भरली. पण दवाखान्यात असतानाच एक दिवस मला म्हणाला, "दिन्या, ह्या चहात काय नुसतं गरम पाणी घालत्यात काय रं?" मीच त्याला मिरजेला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. ते म्हणाले, नाकामागची वासाची नस दुखावली आहे. वर्षाच्या आत आली तर येईल, नाही आली तर मग आशा धरू नका. खारट, आंबट, गोड जिभेवर कळेल, तिखट झोंबेल, बाकी काही नाही. खरंच तसं झालं. हिंगाची डबी नाकाला लावून हा माणूस मख्खासारखा उभा राहायचा आणि माझ्या डोळ्यांतनं पाणी यायचं.

डॉक्टर सोडले तर हे फक्त मला माहीत होतं. घरात त्याच्या बायकोला संशय असेल, पण तोंडानं कुणी बोललं नव्हतं. डोकं गरगरतंय असं सांगून त्यानं वर्षभर तारखा घेतल्या नाहीत म्हणून झाकलं गेलं. या शिमग्यानंतरच्या तारखा मात्र लोक मागायला लागले होते आणि वर्ष भरायला पंधरा दिवस उरले होते. तेव्हा सर्जानं स्वतःहून गाडी काढायचा विषय काढला. नागपूरपर्यंत जाऊ, सावजी खाऊ, असं इलाहीला सांगितलं. मला एकट्याला म्हणाला, "एकेक जहाल वास घेत जाऊ. एखाद्यानं उघडलं तर उघडलं."

आता माझी गंमत ऐका. माझं दुकान शेतीच्या औषधांचं. फवारणीच्या डब्यांत बसून बसून माझ्या नाकाची पार वाट लागलेली. भाजी करपली तरी बायको सांगेल तेव्हा मला कळतं. अख्ख्या तालुक्यात इतकं दरिद्री नाक शोधून सापडायचं नाही आणि सर्जाला वापरायला मिळालं तेच. मी त्याला तसं म्हणालोही. तो म्हणाला, "हाय ते हाय. चालव."

सोलापूर निभावलं. लातूरच्या पुढं एका म्हातारीच्या खानावळीत मी माती खाल्ली.

म्हातारी एकटीच सगळं करत होती. आम्ही बसलो तसं तिनं तवा पुन्हा टाकला, "लांबनं आलाव लेकरांनो" म्हणत गरम गरम भाकऱ्या वाढल्या आणि पदर सावरून समोरच उभी राहिली. भरली वांगी होती. मी चोरून घास घेतला तर तेल खवट. माझ्या नाकाला कळलं म्हणजे किती खवट असेल बघा. पण म्हातारी माझ्याच तोंडाकडं बघत होती. ती हौसेनं म्हणाली, "कसं झालंय?" आणि माझा पाय आपोआप एकदाच दाबला गेला.

सर्जानं घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बसा. वांगं झकास झालंय, आजी."

इलाहीनं पहिला घास तोंडात घातला आणि चावायचा थांबला. त्यानं सर्जाकडं बघितलं. सर्जा मन लावून जेवत होता. वाटीतलं तेलसुद्धा भाकरीनं पुसून घेत होता. इलाहीनं मग माझ्याकडं बघितलं आणि मी पाण्याचा तांब्या उचलला. जरा वेळानं त्यानं मान खाली घातली आणि सगळी वांगी संपवली.  पुढचे पन्नास किलोमीटर त्याची कव्वाली बंद होती, एरवी गाडी चालवताना ती थांबत नसे.

मला वाटलं होतं सर्जाला सांगावं, बाबा, चूक झाली. पण सांगून काय होणार होतं? त्याला अजून थोडं लाजवणं एवढंच. नांदेडला मी शहाण्यासारखा दोनदा पाय दाबला तर उठताना शेजारच्या टेबलावरची मंडळी बोटं चाटताना दिसली. इलाही बिचारा उपाशी उठला, आणि बाहेर येऊन त्यानं दोन केळी खाल्ली. "उठा म्हणला न्हवं सर्जेराव, मग उठायचं," असं मला म्हणाला. त्याचा आवाज मला आवडला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळला तर्रीपोहे घेतले. सर्जानं तर्रीची वाटी दोन्ही हातांनी नाकाजवळ धरली आणि वाफ ओढत राहिला. पोह्यांच्या गाडीवाल्यानं विचारलं, काही पडलंय का त्यात? सर्जा म्हणाला, "न्हाय, बघतोय." वाटी गार होईपर्यंत त्यानं ती सोडली नाही. मग माझ्याकडं बघून नुसतं डोकं हलवलं. मला तेव्हा इतका राग आला, कुणाचा ते विचारू नका. त्या दगडाचा म्हणा.

गाडीत बसल्यावर तो इलाहीला म्हणाला, "नागपूरच्या आधी हिंगणघाटला थांबायचं. केरबाकडं."

केरबा हा सर्जाचा पहिला शिष्य. दहा वर्षं त्याच्या हाताखाली राबला, मग मेहुण्याच्या ओळखीनं तिकडं गेला आणि तिथंच खानावळ काढून स्थिरावला. तिकडच्या लोकांना तो आमच्याकडचं मटण खायला घालायचा आणि म्हणे दुपारी रांग लागायची. मला सर्जाचं गणित कळलं असं वाटलं. केरबाचा मसाला म्हणजे सर्जाचाच मसाला. सगळे परके वास घेऊन झाले, आता स्वतःचा वास बघायचा होता. मी मनातल्या मनात खंडोबाला नारळ बोललो.

आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. केरबानं रस्त्यावर येऊन सर्जाच्या पायांवर डोकं ठेवलं. चाळिशीचा माणूस, अंगानं सुटलेला, पण डोळे भरून आले होते. बायको, दोन्ही मुली, भाकऱ्या करणाऱ्या दोन बायका, सगळ्यांना त्यानं बाहेर बोलावलं. "हे माझे वस्ताद. मी जे काय खातो ते यांच्यामुळं," असं तो प्रत्येकाला वेगवेगळं सांगत होता. आतल्या खोलीत पाट मांडले. ताटं आली. मटण, पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, ज्वारीची भाकरी. मी चोरून घास घेण्याची संधी शोधत होतो, पण सगळी मंडळी भिंतीला लागून उभी आणि सगळ्यांचे डोळे आमच्या ताटांवर.

मग केरबा सर्जाच्या समोर उकिडवा बसला, हात जोडले आणि म्हणाला, "वस्ताद, रीतीप्रमाणं केलंय. सांगा."

इलाहीनं विचारलं, कसली रीत? तेव्हा केरबानं सांगितलं. ही त्यांच्या घराण्याची पद्धत. वस्ताद शिष्याच्या चुलीवर पहिल्यांदा जेवायला आला की शिष्यानं मुद्दाम एक जिन्नस गाळायचा. वस्तादानं घास घेऊन कुठला ते ओळखायचं. ओळखला तर शिष्य पुन्हा पाया पडतो. नाही ओळखला तर वस्तादानं तिथल्या तिथं शिष्याच्या हातात झारा द्यायचा आणि पुन्हा म्हणून चुलीपुढं उभं राहायचं नाही.

"माझ्या वस्तादाला माझं न्हाय ओळखता आलं," सर्जा शांतपणे म्हणाला. "मी जिरं गाळलं हुतं. म्हाताऱ्यानं दोनदा घास घेतला आन् हसला. लई बरं झालं म्हणला. झारा माझ्या हातात दिला आन् सुखानं जेवला."

 या रीतीबद्दल सर्जानं मला तीन दिवसांत एक अक्षर सांगितलं नव्हतं. माझ्या पायानं चांगलं-वाईट सांगता आलं असतं, पण जिन्नसाचं नाव पाय कसा सांगणार? तरी मी घास घेतला. मला मटण लागलं. चांगलं मटण, बस. त्यात काय आहे आणि काय नाही हे मला त्या जागी देवानं येऊन विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. शेजारी इलाहीनंही घास घेतला आणि त्याचा चेहरा बदलला. त्याला कळलं होतं. वीस वर्षं तो सर्जाचं मटण खात आला होता. त्यानं तोंड उघडलं, भिंतीजवळच्या माणसांकडं बघितलं आणि परत मिटलं.

सर्जानं रश्शाची वाटी ओंजळीत घेतल्यासारखी धरली. वास घेतला. घोट घेतला. मटणाचा तुकडा चावला.  केरबाची धाकटी मुलगी बापाकडं बघून हसत होती, तिला हा खेळ वाटत असावा.

"खसखस," सर्जा म्हणाला.

केरबाचे जोडलेले हात थोडे खाली आले. मग तो वाकला, सर्जाच्या पायांवर डोकं टेकलं आणि म्हणाला, "बरोबर, वस्ताद. खसखसच."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाकऱ्या करणाऱ्या बायकांनीसुद्धा. केरबाच्या बायकोनं वाटीत आणखी रस्सा ओतला. माझ्या छातीवरनं धोंडा उतरला. मी इतका जेवलो की पाटावरनं उठताना हात टेकावा लागला. नाक उघडलं, खंडोबाचा नारळ लागू झाला, असंच मी धरून चाललो होतो. सर्जा मात्र सावकाश जेवत होता, आणि इलाही ताटात बघत होता.

हात धुताना केरबा माझ्यामागं आला. टाकीपाशी आम्ही दोघंच होतो. तांब्यानं माझ्या हातावर पाणी घालत तो हळूच म्हणाला, "दिनकरदादा, वस्तादांना काय झालंय?"

"का रं?"

"मी दगडफूल गाळलं हुतं." पाणी माझ्या मनगटावर पडत होतं. "दगडफूल नसलं तर आंधळ्याला कळंल. खसखस कसली... पण पोरींच्या पुढं, बायकांच्या पुढं, चुकलं असं कसं म्हणू मी? ह्या माणसानं मला उभं केलंय. माझ्या तोंडानं त्यांचा झारा काढून घेऊ?"

मी म्हणालो, "बरं केलंस." आणि रुमाल मागितला.

निघताना सर्जानं केरबाला जवळ घेतलं. पाठीवरनं हात फिरवला. केरबा लहान पोरासारखा रडला. गाडीत बसल्यावर सर्जा म्हणाला, "इलाही, नागपूर राहू दे. माघारी फिरव." इलाहीनं गाडी वळवली आणि यवतमाळच्या रस्त्याला लागला.

 दोन्ही बाजूंना कापसाच्या वेचून झालेल्या पऱ्हाट्या, ऊन मी म्हणत होतं. मला राहवेना. मी म्हणालो, "सर्जा, ओळखलंस की गड्या. म्हणजे थोडा थोडा यायला लागला का काय?"

सर्जा पुढं बघत म्हणाला, "दिन्या, आमच्या घराण्यात खसखस घालतच न्हाईत."

मला पटकन उमगलं नाही. त्यानंच मग सांगितलं, भाजी चिरावी इतक्या सरळपणे. "रस्सा जड हुतो म्हणून माझ्या वस्तादानं हात लावू दिला न्हाय, मी केरबाला लावू दिला न्हाय. जी वस्तू आमच्यात नसतीच, ती तो गाळणार कुठनं? म्हणून मुद्दाम तीच बोललो. त्याला न्हाय म्हणण्यावाचून वाटच ठेवली नव्हती मी." तो थांबला. "तरी म्हणला, बरोबर."

आता मला कळलं, आम्ही तीन दिवस कशासाठी हिंडत होतो. तर्रीची वाफ, सोलापूर, नांदेड हे जमलं तर जमलं म्हणून. खरा तो हिंगणघाटला आला होता. स्वतःच्या तोंडानं मी संपलो असं त्याला म्हणता येईना. कुणीतरी म्हणावं, आणि ज्याला तो हक्क आहे त्यानं रीतीनं म्हणावं, चार माणसांत, मानानं, म्हणून तो सातशे किलोमीटर आला होता. आणि केरबानं मायेपोटी त्याचा झारा परत त्याच्याच हातात दिला होता.

"कुणी सांगतच न्हाय, दिन्या," तो म्हणाला. "तू तरी सांग. येत्या तारखा घेऊ का नको?"

मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मी अजून विसरलो नाही. दोन शब्द पुरले असते. नको घेऊस. एवढंच. माझ्या घशात ते आलेही होते. आणि मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "अजून बारा दिवस हायत की. मिरजेला एकदा परत दाखवू."

सर्जा हसला. "व्हय, दाखवू," म्हणाला आणि काच खाली करून बाहेर बघत बसला. इलाहीनं आरशातनं माझ्याकडं बघितलं.  मला शिव्या घालायला त्यालाही तोंड नव्हतं.

वर्ष भरलं. नाक आलं नाही. सर्जानं तारखा घेतल्या.

चैत्रात सावळजला एक जावळ होतं, दीड हजार माणसांचं. मला आमंत्रण होतं म्हणून सकाळी दहालाच जाऊन मांडवामागं सर्जाच्या चुलाणापाशी बसलो. इलाही पलीकडं मटण कापत होता. मोठ्या कढईत खोबरं-कांद्याचं वाटण पडलं. सर्जाच्या हातात झारा, आणि तो मला यजमानाच्या पाव्हण्यांची काहीतरी गंमत सांगत होता. सांगता सांगता वाटण तळाला लागलं.

माझ्या नाकाला कळलं, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. कांदा चिरणाऱ्या बायांचे हात थांबले. इलाहीचा सुरा थांबला. मांडवातनं दोघे-तिघे नाकाला रुमाल लावून डोकावून गेले. सर्जा हलवतच होता, बोलतच होता. सहा-सात माणसं त्याच्याभोवती उभी आणि एकाच्याही तोंडातनं शब्द फुटेना. ज्यांना ज्यांना त्यानं आयुष्यभर चांगलं खायला घातलं ती सगळी माणसं खाली बघत होती.

त्याची गंमत संपली. कुणी हसलं नाही. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग इलाहीच्या, मग एकेका बाईच्या. कढईकडं त्यानं शेवटपर्यंत बघितलं नाही.

"दिन्या," तो म्हणाला, "जळलं का?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं झारा कढईच्या काठावर ठेवला, खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसले आणि माझ्यापाशी येऊन बसला. "एवढंच मागत हुतो की रं," तो म्हणाला.